शिकारी मासा जेवत नाही म्हणून गोल्डफिश सोडण्याआधी

गेल्या पावसाळ्यापासून सांगली-मिरजेतील मासे पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न यांसारखा शिकारी मासा नवीन आणला आणि तो खात नसेल तर काय करावे, हे त्यात छातीठोकपणे सांगितलेले आहे. त्याचा गोषवारा असा: शिकारी मासा जिवंत मासे खाऊनच जगतो, म्हणून आणल्या दिवशीच टाकीत दहा-बारा गोल्डफिश सोडावेत, दोन दिवस उपाशी राहिला तर तो दगावतो, पिशवी उघडून तिच्यात दोन तास टाकीचे पाणी थेंबाथेंबाने सोडावे, मूठभर मीठ आणि चमचाभर हळद टाकावी, तरीही तो तोंड लावत नसेल तर चिकनचे काळीज द्यावे, आणि कशानेच जमले नाही तर मासा कृष्णामाईच्या स्वाधीन करावा. पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु हा संदेश न खाण्याचे कारण माशाच्या पोटात शोधतो, आणि ते बहुतेक वेळा पाण्यात आणि भीतीत असते.

पहिला मुद्दा जिवंत गोल्डफिशचा, आणि सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. आपल्या दुकानांत मिळणारे ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत आणि हौदांत वाढवलेले असतात. फ्लॉवरहॉर्न तर निसर्गात नव्हताच, माणसाने संकर करून तो घडवला. त्यांतील बहुतेक मासे पिल्लू असल्यापासून पेलेटवर, म्हणजे कोरड्या तयार खाद्याच्या गोळ्यांवर वाढलेले असतात, त्यामुळे जिवंत शिकारीवाचून ते अन्नच ओळखत नाहीत, हे म्हणणे टिकत नाही. शिवाय शिकार म्हणून विकले जाणारे स्वस्त गोल्डफिश दुकानात सर्वांत दाटीच्या टाकीत ठेवलेले असतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, अँकर वर्म हा परजीवी आणि जिवाणूंचे संसर्ग तिथून थेट नव्या माशाच्या टाकीत येतात, तेही प्रवासाच्या ताणाने त्याची प्रतिकारशक्ती खालावलेली असताना. माझा पहिला ऑस्कर मी असाच गमावला. दुकानदाराने माशाबरोबर सहा गोल्डफिश बांधून दिले, ऑस्करने त्यांतील दोन खाल्ले म्हणून मी खूश झालो, आणि आठवड्याच्या आत त्याच्या कल्ल्यांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके उठले.

रोग आला नाही असे मानले तरी आहाराचा प्रश्न उरतोच. गोल्डफिश आणि त्याच्या कुळातील अनेक माशांच्या शरीरात थायमिनेज नावाचे विकर असते, जे ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. मुख्य आहारच गोल्डफिशचा असेल तर काही महिन्यांनी शिकारी माशाचा तोल जाऊ लागतो आणि तो वेडावाकडा पोहू लागतो. मालक मात्र पोटभर खायला घालत असल्याच्या समाधानात असतो. गोठवल्यानेही हे विकर नाहीसे होत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. निसर्गातून पकडलेली मरळ किंवा सुसरीसारख्या लांब तोंडाच्या गार माशाचे लहान पिल्लू यांना सुरुवातीला हलणारे अन्नच दिसते, स्थिर तुकडा त्यांच्या लेखी अन्न नसतो. अशा वेळी जिवंत गांडूळ स्वच्छ धुऊन द्यावे, डासांच्या अळ्या द्याव्यात, किंवा घरीच वाढवलेले निरोगी गप्पी द्यावेत. त्यानंतर लांब चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून तो हलवत द्यावा, आणि हळूहळू त्याच चिमट्यातून पेलेटकडे यावे. दहा-पंधरा दिवसांत बहुतेक मासे चिमटा ओळखू लागतात. थोडा संयम लागतो, एवढेच.

दोन दिवस उपाशी राहिल्याने मासा मरतो, हा दुसरा दावा माणसाच्या पोटावरून केलेला हिशोब आहे. माशाला शरीर उबदार ठेवण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही, त्यामुळे वीतभर लांबीचा सुदृढ ऑस्कर आठवडा-दोन आठवडे न खाताही तग धरतो. बोटाएवढ्या पिल्लांना मात्र इतकी सवलत नसते, त्यांच्याबाबत तीन-चार दिवसांनंतर काळजी करावी. मिरजेच्या बाजारातून आणलेली म्हैस नव्या गोठ्यात पहिले काही दिवस पान्हा चोरते, तेव्हा जाणता शेतकरी तिला आजारी समजत नाही. ऑस्करचे तसेच आहे, आणि तो नाटक जरा जास्तच करतो: नव्या टाकीत तो तळाशी कुशीवर पडून राहतो, रंग काळपट करतो, कोणी जवळ गेले की मेल्यासारखा निपचित होतो. या काळात घाबरून दर तासाला टाकलेले खाद्य तळाशी कुजते, त्यातून अमोनिया तयार होतो आणि जो मासा केवळ घाबरलेला होता तो खरोखरच आजारी पडतो. मालकाच्या मायेनेच मासा मरतो, असे म्हणायची वेळ इथे येते.

पहिल्या दिवशी काहीच देऊ नये. दिवा बंद ठेवावा, टाकीच्या तीन बाजूंना कागद लावावा, लपायला मडके किंवा जाड पाइपचा तुकडा द्यावा. अरोवाना असेल तर झाकणावर वजन ठेवावे, कारण पहिल्या रात्री उडी मारून फरशीवर वाळलेल्या अरोवानांच्या कथा प्रत्येक दुकानदाराकडे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खोली शांत असताना कोळंबीचा किंवा गांडुळाचा एकच तुकडा टाकावा आणि दहा मिनिटांत तोंड लावले नाही तर काढून घ्यावा.

पिशवीत थेंबाथेंबाने पाणी सोडण्याचा सल्ला वरवर शास्त्रीय वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मासा चेन्नई किंवा कोलकात्याहून पार्सलने मागवला असेल तर तो बंद पिशवीत चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ असतो. त्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडलेला अमोनिया पाण्यात साचतो, पण श्वासातून आलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्या पाण्याचा सामूही (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक) खाली गेलेला असतो आणि कमी सामूत अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच हा वायू निघून जातो, सामू चढतो, आणि सामू एका अंकाने वाढला की अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाण सुमारे दहापट होते. आपल्याकडच्या बोअरचे पाणी जड आणि सामू अनेकदा आठच्या आसपासचा, त्यामुळे तेच पाणी थेंबाथेंबाने पिशवीत सोडणे म्हणजे माशाला दोन तास विषात बसवणे. तासगावचा द्राक्षबागायतदार फवारणीच्या पाण्याचा सामू न चुकता तपासतो. हजारो रुपयांचा मासा आणणाऱ्याने तेवढे करायला हरकत नसावी. लांबून आलेल्या माशाची पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, तापमान जुळले की ती कापून मासा जाळीने लगेच टाकीत घ्यावा, आणि पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. गावातल्याच दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला हा धोका जवळजवळ नसतो, त्याला सावकाश सरावू दिले तरी चालते.

खरी अडचण पुष्कळदा त्याआधीची असते: टाकी आणि मासा एकाच दिवशी घरी आलेले असतात. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि शिकारी मासा प्रथिने खातो म्हणून घाणही जास्त करतो. ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतील फिल्टरच्या स्पंजचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवला तर हा काळ बराच कमी होतो. संदेशात याचा उल्लेखही नाही. तसाच पावसाळ्यातील टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचाही नाही. नदी गढूळ झाली की ग्रामपंचायती आणि नगरपालिका पाण्यात क्लोरीनची मात्रा वाढवतात, ते माणसासाठी योग्यच आहे, पण कल्ले भाजलेला मासा खाणार कसा? असे पाणी दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे घालूनच वापरावे. आणि डिसेंबरमध्ये मासा आणला असेल तर न खाण्याचे कारण केवळ थंडी असू शकते. ऑस्करला २४ ते २८ अंश तापमान लागते. आपल्या पहाटे, विशेषतः साताऱ्याकडे, हीटरशिवाय टाकी त्याच्या पुष्कळ खाली जाते आणि माशाची भूक मंदावते.

मिठाच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे. लिटरला एक ग्रॅम साधे मीठ ताणातील माशाला मदत करते आणि त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. परंतु २०० लिटरच्या टाकीत एक मूठ म्हणजे जवळजवळ काहीच नव्हे, आणि पाणी आटले तरी मीठ उडून जात नाही, त्यामुळे दर वेळी पाणी भरताना पुन्हा मूठ टाकणारा माणूस नकळत समुद्र तयार करत असतो. मीठ मोजून टाकावे आणि जेवढे पाणी बदलले तेवढ्याच पाण्यापुरते पुन्हा घालावे. हळदीविषयी लिहिताना हात जरा थबकतो, कारण २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीच्या पेठेतच माझे आयुष्य गेले. तरीही सांगतो, ती आमटीत शोभते. टाकीत तिच्याने पाणी पिवळे आणि गढूळ होते, आणि न खाणारा मासा त्यामुळे खाऊ लागत नाही.

चिकनच्या काळजाबद्दल फार लिहायला नको. ते पाण्यात विरघळून टाकी घाण करते, आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांची चरबी माशाला नीट पचत नाही. नेहमीच दिली तर त्याच्या यकृतात साठते.

मात्र या सगळ्यानंतरही तीन आठवडे मासा खात नसेल, पोट आत गेले असेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी पडत असेल, तर तो भित्रेपणा राहिलेला नाही. आतड्यातील परजीवींची ती खूण असू शकते, आणि तिथे औषध लागते.

शेवटचा सल्ला कृष्णेत सोडण्याचा. दक्षिण अमेरिकेतील सकर मासा उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडतो आहे, आणि २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतील अ‍ॅलिगेटर गार सापडला. हे मासे तिथे आपणहून पोहत गेले नव्हते. नदीत नको तर सांगलीतल्या काळ्या खणीच्या तळ्यात सोडू, असेही काही जण म्हणतात. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि असे पाणी आले की काठावरची खण कुठली आणि नदी कुठली हे माशाला कोणी विचारत नाही. नको झालेला मासा मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा, किंवा ज्या दुकानातून आणला तिथे परत न्यावा. अर्ध्या किमतीत किंवा फुकट का होईना, पण बहुतेक दुकानदार वीतभर वाढलेला ऑस्कर ठेवून घेतात.