किट राहू द्या, आजीचं बीपी मोजू द्या

मुलांना विज्ञानाची गोडी लावायला प्रयोगांचं महागडं किट घ्या, असं एका लेखात वाचलं. ते पटलं नाही. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर जरूर दाखवा, पण घरात बीपीचं मशीन असतंच ना? आजीचं बीपी नातवाला मोजू द्या. जिने चढून आल्या आल्या नाही. आधी 5 मिनिटं पाठ टेकवून बसवायचं, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. हात खाली लोंबकळला तर आकडा वाढतो, आजी बोलत राहिली तरी वाढतो (हेच सगळ्यात अवघड!). मिनिटभराने पुन्हा मोजून दोन्ही आकडे वहीत.

आकडे वेगळे आले की पोर ‘का?’ विचारणारच. उत्तर लगेच देऊ नका. आजीलाच विचारू दे, रात्री झोप लागली का, गोळी घेतली का.