चौथीचा वर्ग, टोकियोचं घड्याळ आणि एका आक्षेपाला उत्तर

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

चौथीच्या वर्गात मी डिजिटल साधनं कशी वापरते, या लेखावर तुम्ही कळकळीने लिहिलंत. मुलांच्या डोळ्यांपुढे आणखी एक पडदा कशाला? मोबाइलवरच्या प्रश्नांनी मूल्यमापनाचा खेळ होतो, गुण मिळतात पण समज येत नाही. आणि ज्यांना बडोद्यातलं न्यायमंदिर कुठे आहे ते धड सांगता येत नाही, त्यांना जपानच्या गोष्टी कशाला? असे तुमचे तीन आक्षेप. शिवाय स्वीडनचा दाखला: तिथे 2023 मध्ये सरकारने छापील पुस्तकं आणि हस्ताक्षराकडे परत वळायचं ठरवलं.

स्वीडनचं मला पटतं. लहान मुलांनी कागदावर वाचावं, हाताने लिहावं, पाढे तोंडपाठ म्हणावेत. माझ्या वर्गात हे रोज होतं. पण माझ्या वर्गात मुलांच्या हातात पडदा नसतोच, पुठ्ठ्याचं कार्ड असतं. प्लिकर्स नावाची सोय आहे. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी-पांढरी आकृती छापलेली असते आणि तिच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. प्रश्न फळ्यावर लिहायचा, मुलांनी आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं, मी माझ्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणाचं उत्तर काय, ते मला कळतं. आकृती नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यामुळे शेजारच्याचं बघून लिहिणं थांबतं. हात वर न करणारी, मागच्या बाकावरची मुलगीही उत्तर देते. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

आता खेळाबद्दल. एका जपानी शाळेच्या वर्गाशी आमचं व्हिडिओवर बोलणं ठरत होतं. वेळ मुलांनी काढायची होती. मी विचारलं: बडोद्यात सकाळचे 10 वाजले असताना टोकियोत किती? पर्याय होते दुपारचा 1:30, सकाळचे 6:30, सकाळचे 10 आणि रात्रीचे 10. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणून पहिला बरोबर. पण माझं सगळं लक्ष चुकीच्या पर्यायांवर होतं, कारण ते मी विचार करून घातले होते. 6:30 म्हणणाऱ्याला फरक येतो, फक्त दिशा उलटी झाली. सकाळचे 10 म्हणणाऱ्याच्या मनात अजून जगभर एकच घड्याळ आहे. रात्रीचे 10 म्हणणाऱ्याला वाटतं, परदेश म्हणजे पृथ्वीची पलीकडची बाजू, आपल्याकडे दिवस तर तिकडे रात्र. तिन्ही उत्तरांना गुण शून्यच, पण तिघांना शिकवायचं वेगवेगळं. उलट्या दिशेवाल्यांना मी सूर्य आधी कुठे उगवतो ते विचारलं. बाकीच्या दोन गटांसाठी पृथ्वीगोल आणि टॉर्च काढली. एकम कसोटीची, म्हणजे घटक चाचणीची, वही तपासून हे मला आठवड्याने कळलं असतं, तोवर धडा पुढे गेलेला असता. या प्रश्नाचे गुण मी कुठेही नोंदवत नाही. उद्या सकाळी काय शिकवायचं, एवढंच मला त्यातून हवं असतं.

म्हणूनच उच्चार ऐकून मुलांना तारे देणाऱ्या अ‍ॅपवर मी निकाल सोपवत नाही. आपल्या मुलांचं मराठी गुजरातीच्या शेजारात वाढलेलं आहे. ते ऐकायला माणूस हवा. मुलांनी आपला तर्क मराठीत, गुजरातीत, जमेल तसा बोलून दाखवावा, मी तो रेकॉर्ड करून निवांत ऐकते. तेही पालकांची परवानगी घेऊन, आणि अ‍ॅपमध्ये नावाऐवजी हजेरी क्रमांक टाकून. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट आहे, आणि शाळांनी ती गंभीरपणे घ्यायला हवी.

आपल्या गावाची ओळख मुलांना आधी हवी, यात वाद नाही. पण त्या व्हिडिओवर आमच्या मुलांनी 2024 च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्री नदीच्या पुराबद्दल आणि रस्त्यावर आलेल्या मगरींबद्दल सांगितलं, तेव्हा पलीकडून एका मुलाने विचारलं, पाणी किती वर आलं होतं ते तुम्हाला कसं कळलं? आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग मुलं आपापल्या गल्लीत भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा शोधत फिरली, फूटपट्टीने मोजून आली, आजीआजोबांना जुने पूर विचारून आली. त्यांचं बडोदं त्या प्रश्नामुळे त्यांना जवळून पाहावं लागलं.

आणि सर, हे आपल्या गावाला नवं कुठे आहे? सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, 1906 मध्ये तो राज्यभर नेला. 1910 मध्ये ग्रंथालयांसाठी विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला आणलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. वाचता न येणाऱ्यांना मॅजिक लँटर्नने, म्हणजे चित्रं पडद्यावर पाडणाऱ्या दिव्याने, शिकवणारी शाखाही ग्रंथालय खात्यातच होती. जे उपयोगी ते जगातून आणायचं आणि इथल्या माणसासाठी वापरायचं, ही बडोद्याची रीत मला मनापासून आवडते.

तुमच्याकडून मला एक हवं आहे. प्लिकर्सचं कार्ड कोणीही छापेल, पण चुकीचे पर्याय घडवायला मुलं नेमकी कुठे आणि का चुकतात ते माहीत असलेला शिक्षक लागतो. तुम्ही गणित शिकवलं आहे. अपूर्णांकांत एक-तृतीयांशापेक्षा एक-चतुर्थांश मोठा म्हणणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. तशा चुका आठवतील तेवढ्या, मुलांच्या तोंडच्या कारणांसकट, मला लिहून पाठवाल का? पुढच्या महिन्यात अपूर्णांक सुरू करते आहे.