‘फुकटची सहल’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

केनियाच्या 2017 च्या निवडणुकीत मी निरीक्षक म्हणून गेलो होतो. त्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. उत्तर देऊ नका, असं घरच्यांचं म्हणणं होतं. पण एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. “फुकटची सहल करायची, दोन केंद्रांत डोकावायचं आणि सगळं ठीक म्हणून दाखला द्यायचा, शेवटी कोर्टानं निवडणूक रद्द केलीच ना?”

आधी माझी चूक. केनियातल्या नाकुरूला शहराचा अधिकृत दर्जा डिसेंबर 2021 मध्ये मिळाला. 2017 ची हकिगत सांगताना मी तो आधीच देऊन टाकला होता. दुरुस्ती केली आहे, आभारी आहे.

आता ‘फुकटची’. सात जणांच्या त्या पथकात मी निम्मं तिकीट स्वतःच्या पेन्शनमधून काढून गेलो. तेही सोडा. मी 32 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. 11 निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं, त्यातल्या चार धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत. तेव्हा मतपेट्या होत्या. एसटी थांबते तिथून पुढं पेटी डोक्यावर घेऊन चाललोय, रात्री शाळेच्या पडवीत ती उशाशी घेऊन झोपलोय. मतदान केंद्रात ‘डोकावणं’ म्हणजे काय, हे आपण मला शिकवणार?

8 ऑगस्ट 2017 ला सकाळी सहाला केंद्रं उघडली, आम्ही साडेपाचपासून दारात. एकेका मतदाराच्या हाती सहा मतपत्रिका: राष्ट्राध्यक्षापासून वॉर्डाच्या प्रतिनिधीपर्यंत. पेट्याही सहा, झाकणांचे रंग वेगवेगळे. एका कष्टकरी बाईच्या बोटांचे ठसे यंत्र घेईना. तिनं हात पदराला पुसून पुन्हा लावले, तरी नाही. अखेर ओळखपत्राचा क्रमांक टाकून तिचं नाव सापडलं. निरीक्षकानं मध्ये बोलायचं नाही, फक्त नोंद करायची, हा नियम. माझे हात शिवशिवत होते, पण गप्प राहिलो. सहलीला गेलेला माणूस असा उभा राहतो का?

आणि खरी गोष्ट तर संध्याकाळी पाचनंतरची. आपल्याकडे मतदान संपलं की पेटी सील करून जमा करायची, मोजणी दुसरीकडे. तिथं मोजणी त्याच खोलीत होते. केंद्राध्यक्ष एकेक मतपत्रिका उंच धरून नाव वाचतो, पक्षांचे प्रतिनिधी मान डोलावतात किंवा हरकत घेतात. राष्ट्राध्यक्षपदाची मतं आधी. मग त्या मोजणीचा ‘34अ’ नावाचा फॉर्म भरायचा, प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या आणि एक प्रत दारावर चिकटवायची. हे सगळं मी रात्री दोनपर्यंत उभ्यानं पाहिलं. माझ्या उभ्या नोकरीत गावकऱ्यांना आपल्या केंद्राचा निकाल असा दारावर वाचता आलेला मी पाहिला नव्हता. मला भरून आलं, आणि लेखात मी तेच लिहिलं.

कोर्टाचं म्हणता, तर कोर्टानं काय म्हटलं तेही पाहा. 1 सप्टेंबरला केनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध दोन अशा बहुमतानं राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द ठरवली. मुख्य बोट ठेवलं ते केंद्रांवरचे आकडे वर पोचवण्याच्या पद्धतीवर. 11 ऑगस्टला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटांना विजयी घोषित केलं तेव्हा हजारो केंद्रांचे 34अ निवडणूक आयोगाच्या हातात नव्हते. कोर्टानं निकालाचे आकडे जमा होणारे सर्व्हर दाखवा म्हटलं, तेही आयोगानं पुरते दाखवले नाहीत. मग दोष दारावरच्या त्या कागदाचा होता का? उलट त्या कागदामुळेच वरच्या आकड्यांना जाब विचारता आला. 40,883 केंद्रांपैकी मी नऊ पाहिली आणि त्या नवांबद्दलच लिहिलं. मोठ्या पथकांतल्या बड्या मंडळींनी घाईनं जी स्तुती केली, ती माझ्या पदरात घालू नका.

श्रीमंत देश गरिबांचीच तपासणी का करतात, खर्च कोण उचलतो वगैरे जे बाकीचं लिहिलंय, त्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही. त्यात शिरत नाही.

एका दारावरच्या 34अ चा फोटो माझ्याकडे आहे, खाली सगळ्या सह्या दिसतात. हवा असेल तर पाठवतो. मात्र मागताना स्वतःच्या नावानं मागा.