लपवण्यासारखं आहेच काय तुमच्याकडे?

प्रायव्हसी या विषयावर मत बनवायचं असेल तर फार वाचन लागत नाही, एकच वाक्य पाठ करा. "मी काय चोर आहे का, माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही." हे कट्ट्यावर चालतं, लग्नाच्या पंगतीत चालतं, ऑफिसच्या कॅन्टीनमधे तर पळतं, आणि समोरच्याने तरी पुढे काही बोलायचा प्रयत्न केलाच तर डोळे बारीक करून "का रे, तुझ्याकडे आहे वाटतं?" एवढं विचारायचं, विषय कट. हे बोलत असताना आपल्या फोनला दोन-दोन लॉक आहेत आणि शेजारी कोणी येऊन बसलं की आपण स्क्रीन उलटी करतो याचा विचार करू नका, ते वेगळं.

मत झालं की कृती. आधार कार्डाचा फोटो कायम गॅलरीत पाहिजे, दोन्ही बाजू, कडा न कापता. कुठेही लागलं की झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॅप करायचं, त्याचा नंबर दुकानाबाहेर मार्करने लिहून लावलेलाच असतो. त्याच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर अख्ख्या वॉर्डाची आधार, पॅन, दहावीची मार्कशीट, भाडेकरार, कोणाच्या तरी घटस्फोटाचे पेपर असं सगळं गुण्यागोविंदाने नांदत असतं, सर्वधर्मसमभाव बघायचा तर तिथे बघावा. प्रिंट झाल्यावर "दादा, डिलीट करा ना" असं चुकूनही म्हणू नका, वाईट वाटतं माणसाला, इतक्या वर्षांची ओळख आहे. एखादी प्रिंट तिरकी आली तर तीही तिथेच सोडून यायची.

काही शहाणे लोक तुम्हाला मास्क्ड आधार नावाचा प्रकार सांगतील. म्हणजे १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले आणि शेवटचे ४ दिसणारे, आधार प्राधिकरणाच्या साइटवरून फुकट डाउनलोड होतं. छान आहे. एकदा एखाद्या लॉजच्या काउंटरवर रात्री साडेअकराला देऊन बघा. तो पोऱ्या कार्डाकडे बघेल, मग तुमच्याकडे, मग "साहेब, हे अर्धंच आलंय, पूर्ण पाठवा" म्हणेल आणि मागे उभं असलेलं कुटुंब तुमच्याकडे असं बघेल की तुम्ही नक्की पळून आलेले आहात.

तसं सरकारनेही एकदा आपल्याला घाबरवून पाहिलं होतं. २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या ऑफिसने नोट काढली की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. दोन दिवसात ती नोट मागे! लोकांचा गैरसमज होईल म्हणे, आणि वर सांगितलं की आधार नंबर देताना नेहमीची खबरदारी घ्या म्हणजे झालं. नेहमीची म्हणजे जी आपण झेरॉक्सच्या दुकानात घेत आलोय तीच की. आणि पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, त्यामुळे या बाबतीत तरी मराठी माणूस मागे पडला असं कोणी म्हणायचं नाही.

डेटा सुरक्षित आहे का, असा प्रश्न कोणी काढला तर २०१८ चा मार्च आठवायचा. तेव्हाचे महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वात मोठे वकील, के. के. वेणुगोपाल यांनी सुप्रीम कोर्टात सांगितलं होतं की आधारचा डेटा १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींच्या आड आहे. आता गडकिल्ले बघत वाढलेल्या माणसाला याहून मोठा दिलासा काय द्यायचा? हॅकर येणार कसा, घोरपड लावून? त्याच वर्षी जुलैमधे ट्राय या टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार नंबर ट्विटरवर टाकला आणि काय नुकसान करायचंय ते करून दाखवा म्हणाले. लोकांनी त्यांचा मोबाईल नंबर, पत्ता वगैरे शोधून मांडला, कोणी तर खात्यात १ रुपया पाठवला. नुकसान काहीच झालं नाही असं ते म्हणाले. यातून शिकण्यासारखं हे की आपण मान्य करेपर्यंत नुकसान होत नाही. मग प्राधिकरणाने बाकीच्यांना सांगितलं की असले नंबर जाहीर टाकू नका बरं.

दुकानात बिल करताना "मोबाईल नंबर बोला" म्हटलं की बोलायचं, खणखणीत, लाईनमधल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. मे २०२३ मधे केंद्राच्या ग्राहक खात्याने दुकानदारांना सांगितलंय की नंबरची सक्ती करू नका, पण ते काउंटरवरच्या पोरीला सांगून उपयोग नाही, तिचं मशीन नंबरशिवाय पुढेच जात नाही आणि तिची पण नोकरी आहे. (इथे मी खरंच तिच्या बाजूने आहे.)

कोर्टाचे निकाल वाचायच्या फंदात पडू नका. २४ ऑगस्ट २०१७ ला ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि सरकार कोर्टात उलटं भांडत होतं. निकाल ५४७ पानांचा, तेवढ्यात आपले चारशे रील बघून होतात. मग २६ सप्टेंबर २०१८ ला कोर्ट म्हणालं की बँक खातं आणि सिमकार्ड आधारला जोडायची सक्ती करता येणार नाही. २०१९ मधे कायदा बदलून ते ऐच्छिक झालं. म्हणजे सक्ती अजिबात नाही हां, फक्त ऐच्छिकपणे दिलं नाहीत तर तुमचं काम ऐच्छिकपणे होत नाही.

आणि आता तर डेटा संरक्षणाचा कायदाच आलाय, त्यामुळे बिनधास्त रहा. ऑगस्ट २०२३ मधे कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मधे नियम आले, आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्या पाळायला त्यापुढे १८ महिने दिले, घाई कशाला. डेटा फुटला तर कंपनीला २५० कोटीपर्यंत दंड! तो जाणार भारताच्या एकत्रित निधीत, ज्याचा डेटा फुटला त्याला त्यातलं काही नाही, पण देशासाठी आपला डेटा कामी आला हे समाधान थोडं आहे का. सरकारला वाटलं तर आपल्याच एखाद्या खात्याला यातून सूट देता येते. तुम्हाला मात्र सूट नाही, कायद्यात तुमची पण कर्तव्यं लिहिली आहेत, खोटी किंवा फालतू तक्रार केलीत तर १० हजारापर्यंत दंड. तेव्हा पर्सनल लोनचे दिवसाला सहा फोन येत असतील तर आधी शांत बसून विचार करा की तुमची तक्रार फालतू तर नाही ना.

एवढं सगळं वाचून या देशात प्रायव्हसी कुणालाच नाही असा समज करून घेऊ नका, आहे की. याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं पोटकलम बदललंय. आधी त्यातच लिहिलेलं होतं की व्यापक जनहित असेल तर माहिती द्या, ते काढून आता नुसतं वैयक्तिक माहिती नाकारता येते एवढंच ठेवलंय. जनहितासाठी दुसरं पोटकलम शिल्लक आहे असं सरकार म्हणतं, शोधा तुम्ही. तर उद्या तुमच्या गल्लीतला रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला आणि बिलावर सही कोणाची म्हणून तुम्ही अर्ज घेऊन गेलात, आणि समोरून उत्तर आलं की ही वैयक्तिक माहिती आहे, तर वाद घालू नका. एखाद्याच्या खाजगी आयुष्यात असं डोकावणं बरं दिसतं का?