‘जमीन सोडली म्हणजे वजन पेलले’ हा समज जिवावर बेतणारा आहे

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने ॲरिझोनाहून एक संदेश मला पुढे पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, “मावशी, हे बरोबर आहे ना?” खासगी वैमानिकाचा परवाना त्याच्या हाती नुकताच आला आहे आणि तीन मित्रांना सेस्ना १७२ या चार आसनी लहान विमानात बसवून फिनिक्सहून सेडोनाला जाण्याचा त्याचा बेत आहे. मी विदर्भात वैमानिक प्रशिक्षणार्थींना ‘वजन आणि समतोल’ हाच विषय अनेक वर्षे शिकवला. तोच संदेश त्यानंतर दोन जुन्या विद्यार्थ्यांकडूनही आला, तेव्हा प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे ठरवले.

संदेशाचा आशय असा: लहान विमानाची वजनमर्यादा कंपनीच्या वकिलांनी ठरवलेली असते, त्यामुळे दहा-पंधरा टक्के जास्त वजन सहज चालते, पंख तर दीडपट भारासाठी तपासलेले असतात, समुद्रापार विमाने पोहोचवणारे वैमानिक नेहमीच जास्त वजनाने उडतात, जड विमान वादळी हवेत उलट स्थिर राहते, आणि शेवटी, ‘विमानाने जमीन सोडली म्हणजे वजन पेलले, मग काळजी कसली?’

सर्वांत घातक आहे ते हे शेवटचे वाक्य, म्हणून आधी त्याचेच पाहू. जमिनीलगत उडणाऱ्या विमानाला एक तात्पुरती सवलत मिळते. पंखांच्या टोकांशी तयार होणाऱ्या भोवऱ्यांना जमीन अटकाव करते, हवेचा रोध घटतो आणि विमान कमी शक्तीत तरंगते. यालाच ‘ग्राउंड इफेक्ट’ म्हणतात. पंखांच्या एकूण लांबीइतक्या उंचीपर्यंत, म्हणजे सेस्ना १७२ च्या बाबतीत सुमारे ११ मीटरपर्यंत, तो कमीअधिक जाणवतो आणि वर जाताना विरत जातो. जास्त वजनाचे विमान या सवलतीच्या जोरावर धावपट्टी सोडू शकते, पण त्यातून वर चढण्याइतकी शक्ती इंजिनाकडे उरलेली नसते. धावपट्टी मागे पडलेली असते, समोर झाडे किंवा तारा असतात, आणि घाबरलेला वैमानिक नाक आणखी वर खेचतो. त्याने वेग आणखी घटतो, हवा पंखावरून सुटते आणि विमान ‘स्टॉल’ होते, म्हणजे पंख त्याला उचलून धरू शकत नाहीत. जमीन सोडणे हा वजन पेलल्याचा पुरावा नाही; वजन पेलले की नाही हे पुढच्या चढाईत ठरते, आणि ते कळेपर्यंत थांबायला धावपट्टी शिल्लक नसते.

‘दहा-पंधरा टक्के सहज चालते’ या दाव्याला अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, वैमानिकांसाठी काढलेल्या मूलभूत हस्तपुस्तिकेत सरळ उत्तर आहे. वजन १० टक्के वाढले तर टेक-ऑफचा वेग ५ टक्के वाढावा लागतो, वेग घेण्याची क्षमता किमान ९ टक्के घटते आणि टेक-ऑफला लागणारे अंतर किमान २१ टक्के वाढते. वजनाच्या मानाने इंजिनाची ताकद कमी असेल तर हीच वाढ २५ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते, आणि प्रशिक्षणाची बहुतेक लहान विमाने याच प्रकारात मोडतात. त्यात उष्णतेची भर पडते. सेडोनाचा विमानतळ ४,८३० फुटांवर, एका सपाट माथ्याच्या डोंगरावर आहे. तिथे पारा ३० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने तो विमानतळ सुमारे ७,८०० फुटांवर असतो. यासाठी ॲरिझोनालाच जायला हवे असेही नाही. मे महिन्यात ४४ अंशांच्या दुपारी नागपूरची हजार फुटांवरची धावपट्टी याच हिशेबाने साडेचार हजार फुटांच्याही वर जाते. म्हणजे ‘सहज चालते’ म्हणून जी शिल्लक गृहीत धरली आहे, ती उन्हाने आणि उंचीने आधीच संपवलेली असते.

किती थोडे वजन पुरते, हे ११ एप्रिल १९९६ रोजी वायोमिंगमधल्या शायेन येथे दिसले. सात वर्षांच्या मुलीला देश ओलांडणारी सर्वांत लहान वैमानिक ठरवण्यासाठी निघालेले सेस्ना १७७ टेक-ऑफनंतर लगेच स्टॉल होऊन कोसळले. मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक वैमानिक, तिघेही गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात टेक-ऑफच्या वेळी विमान मर्यादेपेक्षा ९६ पौंडांनी, म्हणजे सुमारे ४४ किलोंनी, जड असल्याचे आढळले. २,५०० पौंडांच्या मर्यादेवर हे प्रमाण चार टक्केही भरत नाही. हवामान बिघडत होते आणि वैमानिकाला इतक्या उंचीवरून उडण्याची सवय नव्हती, हीही कारणे मंडळाने नोंदवली आहेत आणि ती मी लपवणार नाही. पण वजन असे कधी एकटे येतच नाही. ते खराब हवेबरोबर, उंचीबरोबर आणि घाईबरोबर येते.

पंखांच्या दीडपट भाराची गोष्ट वरवर खरी आहे. मात्र तो दीडपटीचा गुणक झंझावात, धातूतले दोष आणि झीज यांसाठी राखलेला असतो, चौथ्या माणसासाठी नव्हे. शिवाय वजनमर्यादा केवळ पंखांच्या ताकदीवर ठरत नाही. स्टॉलचा वेग, चढाईचा दर, उतरताना चाकांवर येणारा आघात, हे सगळे त्या एका आकड्यात धरलेले असते. पंख शाबूत असलेले विमानही झाडांत जाऊन पडते.

समुद्रापार विमान पोहोचवणाऱ्यांचा दाखला मात्र अर्धा मान्य करावा लागतो. त्यांना जास्त वजनाने उडू दिले जाते, बहुधा १० टक्क्यांपर्यंत. पण त्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते, वाढीव वजन जादा इंधन, त्याच्या टाक्या आणि आवश्यक उपकरणे यांचेच असावे लागते, आणि सहलीचे प्रवासी बसवता येत नाहीत. अलास्कातही काही जुन्या विमानांना १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, तीही लेखी मंजुरीनेच. जड विमान वादळी हवेत कमी हेलकावते, हेही खरे. प्रवाशाला धक्का कमी बसतो, पंखाला मात्र तेवढाच बसतो.

संदेशात सामान कुठे ठेवायचे याबद्दल अवाक्षर नाही. वजन मागे सरकले की गुरुत्वमध्य, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलले जाते तो, मागे जातो, आणि स्टॉल झालेल्या विमानाचे नाक खाली आणणे कठीण होते. ७ जुलै २०१३ रोजी अलास्कातल्या सोल्डोटना येथे ओटर जातीचे विमान टेक-ऑफनंतर पडले आणि दहा जण गेले. सामानाचे खरे वजन न ठरवल्यामुळे विमान वजनाच्या आणि समतोलाच्या मर्यादेबाहेर गेले होते, असा मंडळाचा निष्कर्ष आहे.

भाच्याला मी त्याचाच हिशेब मांडून पाठवला. सेस्ना १७२ एसची मर्यादा १,१५७ किलो. रिकामे विमान सुमारे ७६० किलो, भरलेल्या टाक्यांतले इंधन १४४ किलो, उरले २५३ किलो. पंचाहत्तर किलोंचे चौघे आणि वीस किलो सामान मिळून ३२०, म्हणजे ६७ किलो जास्त, शायेनपेक्षाही जास्त. इंधन टाक्यांतल्या खुणेपर्यंतच, म्हणजे ३५ गॅलन (सुमारे ९५ किलो), भरले आणि सामान घरी ठेवले, तर वजन जेमतेम मर्यादेत बसते, पण सेडोनाच्या दुपारी तेवढ्यावर विसंबू नये. एका मित्राला पुढच्या फेरीला ने, सकाळी लवकर नीघ आणि उन्हे चढण्याआधी परत ये, असे मी त्याला कळवले. त्याने विमानाच्या कागदांतले रिकाम्या वजनाचे पान पाठवले आहे. आकडा ७७१ किलो आहे, माझ्या अंदाजापेक्षा ११ किलोंनी जास्त.