टंचाच्या मशीनला सायनाइड दिसत नाही

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. सोनं विरघळवायला 'बिनसायनाइड' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीत सायनाइड असावं, हे मी हवेत लिहिलं असं तुमचं म्हणणं. पाकिटावर सोडियम सायन्युरेट छापलंय, विक्रेत्याच्या अहवालात 'सायनाइड आढळले नाही' आहे, आणि तुम्ही स्वतः नागपूरच्या इतवारीत टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायच्या मशीनवर पावडर धरून पाहिलीत. लोह आणि कॅल्शियम आलं, सायनाइड नाही. वर मी सायनाइडवाल्यांचा माणूस! त्यांनी अजून काही पाठवलं नाही, असो.

आधी मशीन. ते क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजतं. सोनं, चांदी, तांबं त्याला चोख दिसतं. सायनाइड म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन; इतकी हलकी मूलद्रव्यं त्याच्या आवाक्यातच नाहीत. निव्वळ सोडियम सायनाइड ठेवलं असतं तरी पडद्यावर ते आलं नसतं. मी असतो तर त्या लोहापाशी थांबलो असतो. सोनं विरघळवायच्या पावडरीत लोह कशाला? नुसती भेसळ असेल, किंवा फेरोसायनाइडमधलं, म्हणजे लोहाला बांधलेल्या सायनाइडमधलं, असेल. मशीन ते सांगू शकत नाही.

सायन्युरेट पाकिटात असेलही. ते ज्याचा क्षार, ते सायन्युरिक आम्ल पोहण्याच्या तलावात क्लोरीन टिकावं म्हणून टाकतात. सोनं विरघळवणं हे त्याचं काम नव्हे. मग ते करतंय कोण?

इथे घटकांपेक्षा पाकिटामागची वापरायची रीत जास्त बोलते. चुन्याने पीएच 10 ते 11 ठेवा, हवा सोडा, सोनं कोळशावर घ्या, जुनीच टाकी चालेल. थायोयुरिया मुख्यतः आम्लात चालतो, तो बाद. थायोसल्फेट अल्कलीत चालतो खरा, पण त्यातलं सोनं कोळशावर नीट बसत नाही. नेवाडातल्या गोल्डस्ट्राइक खाणीत तो वापरताना कोळशाऐवजी रेझिन घ्यावं लागलं. अल्कली, हवा, कोळसा या तिन्हींशी जमणारा जुना गडी एकच, 1887 च्या मॅकआर्थर-फॉरेस्ट पद्धतीतलं सायनाइड. हा पुरावा नाही, संशय आहे. मूळ लेखातही मी 'असावं' असंच लिहिलंय.

पुरावा हवा तर सांडपाणी तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तीन आकडे मागा: मुक्त सायनाइड, सौम्य आम्लात सुटणारं, आणि एकूण. फेरोसायनाइडमध्ये ते लोहाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की मुक्ताच्या चाचणीत येतच नाही. आम्लात उकळून ऊर्ध्वपातन केलं की 'एकूण'मध्ये येतं. उन्हाने मात्र ते सुटू लागतं. तुमच्या विक्रेत्याच्या अहवालात कोणती चाचणी केली, किती कमी प्रमाणापर्यंत शोधलं, यातलं काहीच नाही.

मी एवढं ताणतोय ते तुमच्याच एका वाक्यामुळे. अम्लराजाचं (सोनं विरघळवणाऱ्या तीव्र आम्लमिश्रणाचं) काम त्याच खोलीत चालतं आणि धुवण एकाच मोरीत जातं, असं तुम्ही लिहिलंय. आम्ल मिसळून पीएच 9.2 च्या खाली गेला की निम्म्याहून जास्त सायनाइड विषारी हायड्रोजन सायनाइडच्या रूपात जातं, आणि ते 26 अंशांना उकळतं. नागपुरात जानेवारीतली दुपारही बहुधा त्याहून गरम असते. तेव्हा अहवाल येईपर्यंत दोन्ही धुवणं वेगवेगळ्या पिंपात ठेवा, खोलीचा पंखा बाहेर हवा फेकणारा हवा, आणि पाकिटावरचं 'इको' वाचून पोरांना हातमोजे काढू देऊ नका.

तिन्ही आकडे आले की इथेच टाका. सायनाइड नाही निघालं तर तेही मी लेखाच्या वर लिहीन.