तो नकाशा किरणोत्साराचा नव्हे, लाटांचा आहे

सॅन दिएगोत राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या घरी महिनाभर मासे शिजलेले नाहीत आणि त्याच्या मुलाला समुद्रात पाय बुडवायलाही बंदी आहे. कारण डोंबिवलीच्या मावशीला मोबाइलवर आलेला एक संदेश : 2011 च्या त्सुनामीत निकामी झालेल्या जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातल्या किरणोत्साराने प्रशांत महासागर विषारी झाला, कॅलिफोर्नियाचे सार्डिन त्यानेच संपवले, आणि तिथे कोणी काही मोजत नाही.

पुरावा म्हणून जोडलेला नकाशा पाहून कपाळावर हात मारावासा वाटला. जपानपासून अमेरिकेपर्यंत पसरलेले ते रंगीत पट्टे 11 मार्च 2011 च्या त्सुनामीचे आहेत; कोणत्या भागात लाट किती उंच उठली, हे दाखवण्यासाठी अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी सागर-हवामान संस्थेने तो नकाशा काढला. बाजूची मोजपट्टीही सेंटिमीटरची आहे. किरणोत्सार सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत. लबाडीच करायची तर निदान ती पट्टी तरी कापायची.

फुकुशिमाचे सीझियम, म्हणजे तिथून सांडलेले किरणोत्सारी द्रव्य, अमेरिकेकडे पोचले, एवढे मात्र मान्य करावे लागते. अमेरिकेतल्या वुड्स होल या सागरसंशोधन संस्थेच्या केन ब्यूसलर यांनी ते शोधूनच काढले. सीझियम-137 जुन्या अणुचाचण्यांपासून या महासागरात आहेच. सीझियम-134 मात्र दर दोन वर्षांनी निम्मे होते, म्हणजे त्या चाचण्यांचे कधीच संपले, त्यामुळे ते सापडले की फुकुशिमाचीच खूण पटते. 2015 पर्यंत त्यांना अमेरिकेच्या बाजूला आढळलेले सीझियमचे सर्वाधिक प्रमाण घनमीटरला 11 बेकरेल (किरणोत्साराचे एकक) होते, तेही सॅन फ्रान्सिस्कोपासून अडीच हजार किलोमीटर आत समुद्रात. पिण्याच्या पाण्यासाठीची अमेरिकी मर्यादा याच्या पाचशे पटींहून जास्त आहे.

सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचा तिकडचा भाऊबंद. त्याची मासेमारी 2015 मध्ये बंद झाली खरी. पण 1936-37 च्या हंगामात सात लाख टनांपर्यंत गेलेली पकड पुढच्या दशकातच कोसळली होती, तेव्हा कुठले फुकुशिमा? सांता बार्बराजवळच्या समुद्रतळाच्या गाळात साठलेले खवले तर सांगतात, की हा मासा सुमारे 1,700 वर्षे असाच वाढत आणि ओसरत आला आहे.

राहिले 'कोणी मोजत नाही'. सार्डिनच्या त्या कोसळण्याचे कारण शोधायलाच 'कॅलकोफी' हा समुद्र-पाहणीचा उपक्रम सुरू झाला आणि 1949 पासून त्याची जहाजे किनाऱ्यालगतच्या कॅलिफोर्निया प्रवाहात पाण्याचे तापमान, क्षारता, माशांची अंडी मोजत आहेत. स्क्रिप्स या सागरसंशोधन संस्थेच्या धक्क्यावर तर 1916 पासून समुद्राच्या तापमानाची नोंद होते, आणि तो धक्का त्या मुलाच्याच शहरात आहे.